बटण हाताशी होतं

संशोधन संस्थेतला कार्यक्रम विभाग म्हणजे खुर्च्या, माईक आणि पाहुण्यांची ने-आण, असं बाहेरच्यांना वाटतं. आतल्याही बऱ्याच जणांना तसंच वाटतं. आमच्याकडे ग्रंथालय आहे, हस्तलिखितांचा संग्रह आहे, एक लहानसं प्रदर्शन दालन आहे. व्याख्यानं, परिसंवाद, प्रकाशनं वर्षभर चालूच असतात. विभागात मला धरून पाच माणसं. ज्या संध्याकाळचं प्रकरण इथे मांडते आहे, त्या संध्याकाळी कोणाला इजा झाली नाही, काही चोरीला गेलं नाही, कुठे बातमीही आली नाही. एक हस्तलिखित चोवीस मिनिटं काळ्या कापडाखाली झाकलेलं राहिलं आणि शंभरावर माणसं दाराबाहेर ताटकळली, इतकंच. पण आमचा विभाग कसा चालतो आणि कुठे चालत नाही, हे मला त्या चोवीस मिनिटांत जितकं कळलं तितकं आधीच्या सहा वर्षांत कळलं नव्हतं. संस्थेची किंवा माणसांची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

दुसऱ्या एका संस्थेकडून एक सचित्र हस्तलिखित आम्ही सहा आठवड्यांसाठी उसनं आणलं होतं. दालनात एकच काचपेटी आणि तिच्यात उघडी ठेवलेली समोरासमोरची दोन पानं. प्रदर्शनाच्या मध्यावर एका ज्येष्ठ अभ्यासकांचं व्याख्यान ठरलं. व्याख्यान संपलं की श्रोत्यांनी दालनात जाऊन ती पानं जवळून पाहायची, आणि हे सगळं एका भागीदार संस्थेसाठी चित्रित करायचं. तारीख संचालकांनी आणि वक्त्यांनी परस्पर ठरवली. चित्रीकरणाला होकारही संचालकांनीच एका ओळीच्या ईमेलने दिला. आमच्याकडे आलं तेव्हा सगळं ठरलेलं होतं, आम्ही फक्त घडवून आणायचं होतं. ही तक्रार नाही, बहुतेक संस्थांत असंच असतं. पण पुढचं समजायला हे लक्षात ठेवावं लागेल.

मी नेहमीप्रमाणे ‘मिनिट-टू-मिनिट’ बनवलं. सहा वाजता स्वागत, पावणेसातला व्याख्यान समाप्त, सहा पन्नासला दालनातले चित्रीकरणाचे दिवे सुरू, मग रांगेने प्रवेश, आठ वीसला दालन बंद. प्रत्येक ओळीपुढे जबाबदार माणसाचं नाव. असा कागद हातात आला की मला फार सुरक्षित वाटायचं.

उजेडाचा हिशेब

इथे थोडं विषयांतर करावं लागेल, कारण सगळं प्रकरण एका आकड्यावर उभं आहे आणि तो आकडा त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हता.

कागद, रेशीम, पाण्यातले रंग, वनस्पतींपासून केलेले रंग उजेडाने फिके पडतात. दिवा गरम होतो की नाही, त्यात अतिनील किरण आहेत की नाहीत, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी पुरेसे नाहीत. डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही रंग उडवतो. आणि नुकसान साचत जातं. आज दहा मिनिटं, परवा वीस मिनिटं, सगळ्याची बेरीजच होते. झाकून ठेवल्याने रंगाला विश्रांती मिळून तो परत चढत नाही. म्हणून संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जपणारे तज्ज्ञ, उजेड दोन प्रकारे मोजतात. एक, या क्षणी पानावर किती उजेड पडतो आहे ते, म्हणजे लक्स. दुसरं, आजवर एकूण किती पडला ते, म्हणजे लक्स गुणिले तास. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने, म्हणजे सीआयईने, २००४ च्या अहवालात वस्तूंचे गट पाडून मर्यादा सुचवल्या आहेत. सर्वांत नाजूक गटासाठी ५० लक्स आणि वर्षाला १५,००० लक्स-तास. त्याहून टिकाऊ गटासाठीही ५० लक्सच, पण वर्षाला १,५०,००० लक्स-तास. आपल्यासमोरची वस्तू कुठल्या गटातली आहे यावर दसपटीचा फरक पडतो.

साध्या काळ्या शाईचं हस्तलिखित असतं तर आम्ही दुसऱ्या गटात निवांत बसलो असतो. पण या पानांवर लवकर उडणारे रंग होते आणि मालक संस्थेने करारपत्रात पहिल्या गटाची मर्यादा घातली होती. आता हिशेब पाहा. सहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज आठ तास, म्हणजे २८८ तास. त्याला ५० लक्सने गुणलं की १४,४०० लक्स-तास होतात. वर्षाच्या १५,००० पैकी शिल्लक फक्त ६००. त्यातले २५० आधीच मांडणी, तपासणी आणि एका खास पाहणीत खर्च झाले होते. म्हणजे व्याख्यानाच्या संध्याकाळी आमच्या हातात ३५० लक्स-तास उरले होते.

दालनातल्या नेहमीच्या ५० लक्सवर हे सात तास पुरले असते. दीड तासाच्या दर्शनाला ७५ लागले असते. काहीच अडचण नव्हती.

शूटिंगवाल्यांच्या दोन एलईडी पॅनलखाली पानावर ४८० लक्स पडत होते. त्या उजेडात ३५० लक्स-तास पाऊण तासही टिकत नाहीत.

हा सगळा हिशेब करारपत्राच्या जोडपत्रात आणि संवर्धन विभागाच्या नोंदवहीत होता. जोडपत्र रजिस्ट्रारच्या फाइलमध्ये, नोंदवही तिसऱ्या मजल्यावर. माझं मिनिट-टू-मिनिट तळमजल्यावर.

ती संध्याकाळ

वक्ते बावीस मिनिटं जास्त बोलले. उत्तम बोलले, हेही सांगायला हवं. पुढे जाऊन चिठ्ठी देण्याचं काम सूत्रसंचालकाचं होतं आणि तो संस्थेतला नवा संशोधन सहाय्यक होता. अध्यक्षस्थानी त्याच्या मार्गदर्शकांचे मार्गदर्शक बसलेले. तो तीनदा उठला आणि तीनदा बसला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारच्या सायंकालीन व्याख्यानांचा रिवाज असा की वक्त्याची ओळख करून द्यायची नाही, ठोक्याला सुरू करायचं आणि तासाने ठोक्याला थांबायचं. शिवाय ऐनवेळी पळून जाऊ नये म्हणून वक्त्याला आधी थोडा वेळ खोलीत कोंडून ठेवतात. शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन १८४६ मध्ये असेच निसटले आणि मायकेल फॅरडेला आयत्या वेळी उभं राहावं लागलं, अशी त्यामागची आख्यायिका. मला त्यातलं कोंडणं नको, ठोका हवा आहे.

इकडे व्याख्यान लांबत होतं आणि तिकडे दालनात माझा कागद वेळेवर चालला होता. सहा पन्नासला शूटिंगवाल्यांनी पॅनल लावले. दालनात आमची सर्वांत नवी समन्वयक उभी होती. विभागात येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. नंतर तिने मला जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते: “ताई, खोलीत कोणीच नव्हतं आणि पुस्तकावर एवढा झोत. मला वाटलं, कशाला? पण कागदावर सहा पन्नास लिहिलं होतं.”

पंचवीस मिनिटं रिकाम्या खोलीत ते पान उजेडात राहिलं. आमच्या उरलेल्या ३५० मधले २०० लक्स-तास कोणीही न पाहता खर्च झाले. त्या पॅनलचं बटण तिच्यापासून दोन पावलांवर होतं.

सव्वासातला लोक आत यायला लागले. माझ्या आखणीतली दुसरी चूक इथे उघडी पडली. काचपेटीसमोर एका वेळी चार जण नीट उभे राहू शकतात. मी प्रत्येकी एक मिनिट धरलं होतं. १६० माणसं, चाळीस मिनिटं, झालं. पण ज्याने आत्ताच तासभर त्या चित्रांबद्दल ऐकलं आहे तो मिनिटभरात हलत नाही. तो कोपऱ्यातली ती रेघ शोधतो, शेजारच्याला दाखवतो, वाकतो, चष्मा बदलतो. दोन मिनिटं सहज जातात. शिवाय लोक बाहेर पडायच्या ऐवजी दालनात मागे रेंगाळले. चाळीसेक माणसं त्या लहान खोलीत साठली. नुसत्या उभ्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ५० ग्रॅम वाफ बाहेर पडते. चाळीस जणांची तासाला दोन लिटर झाली. दालनातल्या आर्द्रतामापकाचा आकडा चढताना तिथल्या पहारेकऱ्याने पाहिला होता. कोणाला सांगायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

साडेसातच्या सुमारास आमच्या संवर्धक मॅडम दालनात आल्या. व्याख्यान ऐकून त्या इतरांसारख्याच रांगेत उभ्या होत्या. आत पाऊल टाकताच त्यांनी पिशवीतून लक्समीटर काढला. (संवर्धक पिशवीत काय काय घेऊन फिरतात हा वेगळा विषय आहे.) त्यांनी समन्वयकाला विचारलं, हे दिवे कधीपासून आहेत? सहा पन्नासपासून. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि शूटिंगवाल्यांना दिवे बंद करायला सांगितलं.

ते म्हणाले, एलईडी आहेत मॅडम, काही होत नाही. आणि आम्हाला संचालकसाहेबांची परवानगी आहे.

मॅडम समन्वयकाकडे वळल्या. समन्वयकाने मला फोन केला. मी सभागृहात, फोन मूक. तिने संचालकांना केला. ते वरच्या मजल्यावर मालक संस्थेच्या प्रतिनिधींबरोबर, त्यांचाही फोन मूक. फोन मूक ठेवण्याची सूचना कार्यक्रमाच्या सुरुवातीला आम्हीच दोनदा केली होती.

सात एकतीसला मॅडमनी काचपेटीवर काळं कापड टाकलं. त्यांच्या अधिकारात तेवढंच होतं, आणि ते त्यांनी केलं.

तोवर आठ फेऱ्या झाल्या होत्या, म्हणजे बत्तीस जणांनी पानं पाहिली होती. पुढची चोवीस मिनिटं आमची समन्वयक दारात उभी राहून एकशे अठ्ठावीस माणसांना “थोडा वेळ थांबावं लागेल” एवढंच सांगत होती, कारण का थांबायचं हे सांगायचं की नाही तेही तिला माहीत नव्हतं. त्या रांगेत संस्थेला मोठी देणगी दिलेलं एक वृद्ध जोडपं होतं. एक गृहस्थ तिच्यावर ओरडले. ती रडली नाही, पण त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तांत्रिक सहाय्यकाने वर धावत जाऊन संचालकांना गाठलं. ते खाली आले, कापड पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग बंद करा ना दिवे.” एका सेकंदाचं काम. सात पंचावन्नला कापड निघालं. आठ पंचेचाळीसपर्यंत दालन उघडं ठेवलं. निम्म्याहून जास्त लोक तोवर निघून गेले होते.

कॅमेरावाल्याने मग नुसत्या ५० लक्सवर चित्रण केलं. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवली, लेन्स पूर्ण उघडली. थोडे दाणे दिसतात, पण चित्र चांगलं आलं आहे. मी त्याला नंतर विचारलं, आधी सांगितलं असतं तर जमलं असतं का? तो म्हणाला, “जमलं असतं की. आम्हाला कोणी विचारलंच नाही.”

दुसऱ्या दिवशीची बैठक

बैठकीत पहिली वीस मिनिटं शूटिंगवाल्यांवर गेली. पुढची दहा मॅडमच्या ‘ताठरपणा’वर. मग मी एक विनंती केली की मत नंतर देऊ, आधी फक्त घटनाक्रम लिहू. कोणती वेळ, काय झालं, त्या क्षणी कोणाला काय माहीत होतं. हा तिसरा रकाना भरायला लागल्यावर खोलीतला सूर बदलला.

तीन आठवडे आधी मॅडमनी विचारलं होतं, चित्रीकरणाचे दिवे किती तीव्रतेचे आहेत? प्रश्न हस्तलिखित विभागप्रमुखांकडे गेला. ते प्रवासात होते, ईमेल तसंच राहिलं. आम्ही त्या पत्रव्यवहारात नव्हतोच. आणि आम्ही शूटिंगवाल्यांना विचारलं होतं ते वीजजोडणी कुठे हवी आणि किती अँपिअरची. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं.

माझ्या कागदावर वेळ होती, काम होतं, करणाऱ्याचं नाव होतं. थांबवणाऱ्याचं नाव कुठेही नव्हतं. जिच्या हाताशी बटण होतं तिला ते दाबायचा हक्क आहे हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. उलट, कागदाबाहेर काही करायचं नाही हेच मी चार महिने शिकवलं होतं. हे मी बैठकीत मोठ्याने म्हटलं. तसं म्हणणं सोपं नव्हतं, पण त्यात मोठेपणा काही नाही. ते खरं होतं आणि तिथे ती बसली होती.

मग मी एक नियम सुचवला, त्यावर वाद झाला, आणि तो आजही थोडाफार चालू आहे. नियम असा: संग्रहातल्या वस्तूजवळ काहीही थांबवायचं असेल, दिवा, रांग, कॅमेरा, तर ते सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसाने कोणालाही न विचारता थांबवावं. परत सुरू करण्याचा निर्णय मात्र वरच्याने घ्यावा. कारण दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. उगाच बंद केलेला दिवा परत लागतो. उडालेला रंग परत येत नाही.

संचालक म्हणाले, मग उद्या कोणी स्वयंसेवक मंत्र्यांसमोर दार लावेल. मी म्हटलं, लावेल. आणि त्या दिवशी आपण त्याच्यामागे उभं राहायचं आहे. नाही राहिलो तर हा नियम तिथेच संपला.

त्यांनी लगेच होकार दिला नाही. ‘सहा महिने करून पाहू’ म्हणाले. संस्थांमध्ये होकाराचा हा एक जातिवंत प्रकार आहे.

इतर बदल लहान आहेत, पण उपयोगी पडले. मिनिट-टू-मिनिटमध्ये ‘थांबवणार कोण’ असा रकाना आला. दिवे आणि दारं आता घड्याळावर चालत नाहीत, इशाऱ्यावर चालतात. सभागृहातून निरोप आल्याशिवाय दालनात काही सुरू होत नाही. संग्रहातली वस्तू जिथे असेल त्या कार्यक्रमाची पहिली चर्चा तारीख छापण्याआधी संवर्धकांबरोबर, तीही उभ्याउभ्या पंधरा मिनिटं. आमच्या पाच जणांपैकी एकाचा फोन कार्यक्रमभर मूक नसतो आणि तो नंबर पहारेकऱ्यांकडेही असतो.

एक गोष्ट मॅडमनी शिकवली. भगभगीत सभागृहातून थेट ५० लक्समध्ये आलेल्या माणसाला सुरुवातीला काहीच दिसत नाही, आणि वय जास्त असेल तर आणखी कमी. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून लोक ‘दिवा वाढवा’ म्हणतात. आता आम्ही आभारप्रदर्शनाच्या वेळीच सभागृहाचे दिवे उतरवायला लागतो, मधला बोळ त्याहून मंद ठेवतो आणि रांग तिथे मुद्दाम थोडी रेंगाळू देतो. डोळे तोवर सरावतात. त्याच रांगेत आमचा माणूस लोकांना सांगतो की दालन अंधारं का आहे. तक्रारी जवळजवळ थांबल्या. कारण सांगितलं की लोक ऐकतात, हे आम्हाला इतक्या उशिरा का कळावं?

समन्वयकाचं काय झालं, हे सांगायला हवं. आठवडाभराने मी तिला घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. मॅडमनी तिला एक जुनं कार्ड दाखवलं. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या, एकाहून एक टिकाऊ, अर्धी बाजू झाकून कुठल्याशा काचपेटीत ठेवलेली. उजेडाचा परिणाम तपासायची ही जुनी, साधी रीत. झाकण काढलं तर पहिल्या पट्टीची उघडी बाजू पांढुरकी पडलेली, दुसरीची थोडी, शेवटच्या जशाच्या तशा. ती बराच वेळ त्या पहिल्या पट्टीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हे मला आधी दाखवलं असतं तर मी तेव्हाच बंद केले असते.” आता विभागात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात ते कार्ड दाखवायला तीच घेऊन जाते.

थांबवण्याचा हक्क त्यानंतरच्या वर्षभरात तीनदा वापरला गेला. एकदा कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरून, एकदा गर्दीवरून. तिसऱ्यांदा एका स्वयंसेवकाने दालनाचं दार लावलं ते अगदीच चुकीचं होतं. आत जागा होती, आणि बाहेर राहिले ते त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे. संचालकांचा चेहरा मला दुरून दिसला. ते दारापाशी गेले, पाहुण्यांची क्षमा मागितली, स्वयंसेवकाला विचारलं, “काय दिसलं तुला?” त्याने सांगितलं. ते म्हणाले, “बरं. आता उघडूया.” मंडळाच्या बैठकीत त्यांना यावरून दोन शब्द ऐकावे लागले, हे मला नंतर कळलं. सहा महिन्यांची मुदत कधीच उलटून गेली होती, तिचा विषय कोणी काढला नाही.

तारखा मात्र अजून वरूनच ठरून येतात. त्या बाबतीत मी हरले आहे. फक्त आता छापायच्या आधी एक फोन येतो.

हस्तलिखित परत गेलं तेव्हा उजेडाचा हिशेब सोबत द्यावा लागला. नेहमीचे १४,४००, आधीचे २५०, त्या संध्याकाळचे दिव्यांचे ३२८, कापड काढल्यावरच्या पन्नास मिनिटांचे ४२. बेरीज १५,०२०. वीस लक्स-तास जास्त. म्हणून प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी काचपेटी अर्धा तास आधी झाकली आणि आकडा १४,९९५ वर आणला. मॅडमनी नोंदवहीत झाकण्याची वेळ लिहिली, ‘झाकणाऱ्याची सही’ असा रकाना होता तिथे बोट ठेवलं आणि वही समन्वयकाकडे सरकवली.